फवारणीने कापड वीजवाहक कसे होते?
कापूस उत्पादकाने समजून घ्यावे असे काही

नंदुरबार, शहादा, तळोदा भागातील कापूस खरेदी केंद्रावर गेला की तेथील प्रतवारी करणारा माणूस ढिगात एक यंत्र खुपसतो आणि आकडा सांगतो. कधी नऊ, कधी साडेदहा, कधी बारा. त्या आकड्यावर आपल्या मालाचा भाव ठरतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा आधारभूत धरतात. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत माल घेतात, परंतु वाढीव ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये होती. म्हणजे एका टक्क्यामागे सुमारे ८१ रुपये. वीस क्विंटल कापूस ८ ऐवजी ११ टक्के ओलाव्याचा निघाला तर जवळपास ४,८५० रुपये हातचे जातात.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, बाजारात वापरली जाणारी बहुतेक ओलावामापक यंत्रे पाणी मोजतच नाहीत. ती कापसातून वीज किती सहज जाते ते मोजतात आणि त्यावरून पाण्याचा अंदाज सांगतात. कापूस किंवा त्याचे कापड विजेला वाट केव्हा देते आणि केव्हा अडवते, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही. कापडावर वेगवेगळे पदार्थ फवारून ते वीजवाहक करण्याचे संशोधन आज जगभर चालू आहे. त्यामागील तत्त्व आणि आपल्या ओलावामापकामागील तत्त्व यांचे नाते जवळचे आहे. या लेखात प्रथम ते तत्त्व पाहू, मग फवारणीच्या पद्धती आणि शेवटी शेतकऱ्याच्या उपयोगाचे काय व निरुपयोगी काय ते पाहू.

पहिली फवारणी पाण्याची

कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. कोरडे सेल्युलोज विजेला अडवते. म्हणूनच पूर्वी विजेच्या आणि टेलिफोनच्या तारांवर कापसाच्या सुताचे वेष्टण असे. पण कापूस हवेतला ओलावा शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना कापसाच्या १०० भाग कोरड्या वजनामागे साधारण ८ भाग पाणी मुरलेले असते. पॉलिस्टरमध्ये त्याच हवेत अर्धा भागसुद्धा नसते. हे मुरलेले पाणी आणि धाग्यात मुळातच असलेले पोटॅशियमसारखे क्षार मिळून विजेला वाट करून देतात.

ही वाट किती झपाट्याने मोकळी होते, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. ओलावा दीडपट झाला म्हणजे वीज दीडपट जाईल असे वाटते, पण तसे होत नाही. कापसातला ओलावा ८ वरून १२ टक्क्यांवर गेला तर त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दहापटीहून बराच अधिक घटतो. अगदी कोरड्या हवेपासून पावसाळी दमट हवेपर्यंत पाहिले तर हा फरक लाखो पटींचा होतो. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९२० च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. वेष्टणाचे सूत स्वच्छ पाण्याने धुऊन त्यातील क्षार काढले तर दमट हवेतही ते वीज चांगली अडवते, असे त्यांना दिसून आले. पाण्याबरोबर क्षारांचाही वाटा मोठा असतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

आता आपल्या ढिगाकडे वळू. वीज नेहमी सोप्या वाटेने जाते. गोणीत थोडा दव पडलेला कापूस आणि बराच वाळलेला कापूस मिसळलेला असेल, आणि यंत्राच्या दोन्ही टोकांना जोडणारा एखादा ओला पट्टा मध्ये आला, तर यंत्र त्या ओल्या पट्ट्याचेच ऐकते. आकडा खऱ्या सरासरीपेक्षा जास्त येतो. म्हणून सकाळच्या दवात वेचलेला कापूस दुपारच्या कापसात कधीही मिसळू नये. वेचणी दव उडाल्यावर सुरू करावी. सकाळी वेचावेच लागले तर तो माल वेगळा पसरून वाळवावा. उन्हात तापलेल्या ट्रॉलीतला कापूसही फसवतो, कारण तापलेल्या कापसाचा रोध कमी असतो आणि यंत्राला तो ओला वाटतो. यंत्रात तापमानाची दुरुस्ती करण्याची सोय असेल तर ती केली का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. कापूस किती घट्ट दाबला यावरही आकडा हलतो. सबब एकाच ठिकाणच्या आकड्यावर समाधान न मानता ढिगाच्या चार-पाच जागी, वर, मध्ये आणि तळाशी, मापे घेण्याचा आग्रह धरावा.

वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याची खोड काही ठिकाणी आहे. नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही ती आतबट्ट्याची आहे. मारलेले पाणी पृष्ठभागावर राहते आणि यंत्राला ते मुरलेल्या ओलाव्यापेक्षाही लवकर सापडते. शिवाय ढीग आतून तापतो, रुई पिवळी पडते आणि सरकीची उगवणशक्ती जाते.

गिरणीत मात्र हीच पाण्याची फवारणी उपकारक ठरते. जिनिंगच्या वेळी कापसात ६ ते ८ टक्के ओलावा असावा. त्याहून कोरडा कापूस रोलरवर घासला की त्यात स्थिर वीज साठते. तंतू एकमेकांपासून दूर पळतात, यंत्राच्या भागांना चिकटतात आणि तुटतात. सूतगिरण्यांत म्हणूनच हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडतात. तुषारांमुळे धाग्यावरील वीज साचून न राहता वाहून जाते. कापडाला वीजवाहक करणारी सर्वात जुनी आणि सर्वात स्वस्त फवारणी ती हीच. तिचा दोष एवढाच की पाणी वाळले की तिचा परिणामही संपतो.

साबण, काजळी, धातू

पॉलिस्टर आणि नायलॉनला कापसाइतका ओलावा धरता येत नाही. हिवाळ्यात नायलॉनची साडी अंगाला चिकटते, काढताना चटचट आवाज होतो, अंधारात ठिणग्याही दिसतात. शेजारच्या सुरतेत विणले जाणारे बहुतांश कापड याच जातीचे. अशा कापडावर साबणाच्या कुळातले, हवेतला ओलावा ओढून घेणारे द्रव्य फवारतात. त्याचा अतिशय पातळ थर ओलसर राहतो आणि साठलेली वीज हळूहळू निघून जाते. कापड विजेची तार बनत नाही, केवळ वीज साठवायचे थांबते. कामही तेवढेच असते. चार-सहा धुण्यांत हा थर जातो.

यापुढची पायरी म्हणजे पाण्याशिवाय वीज नेणारा पदार्थ कापडावर कायमचा बसविणे. यात तीन प्रकारचे पदार्थ वापरतात. पहिला कार्बन, म्हणजे विशिष्ट प्रतीची काजळी, शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि अलीकडचे ग्रॅफीन. दुसरा प्रकार चांदी, तांबे, निकेल या धातूंचा. तिसरा वीजवाहक प्लास्टिकचा. प्लास्टिक वीज अडवते असेच आपण शिकलो. पण १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी एका प्लास्टिकवर आयोडीनची प्रक्रिया करून त्यातून वीज वाहवून दाखविली. या कामासाठी त्यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर निघालेल्या याच जातीच्या एका गडद निळ्या द्रव्याचे पाण्यातले मिश्रण आज कापडावर फवारले जाते.

पदार्थ कोणताही असो, नियम एकच आहे. कणाला कण भिडला पाहिजे. नंदुरबारला मिरचीच्या पथारी आपण पाहिल्या आहेत. पथारीवर मिरची विरळ टाकली तर एखाद्या मुंगीला जमिनीवर न उतरता एका टोकाकडून दुसरीकडे जाता येणार नाही. मिरची वाढवत गेलो तर बराच वेळ काहीच फरक पडत नाही, आणि मग एका ठराविक दाटीला अचानक सगळीकडून वाट जुळते. कापडावरील कार्बनचे कणही असेच वागतात. थोडे फवारले तर कापड काळे होते, पण वीज जात नाही. एक मर्यादा ओलांडली की रोध एकदम कोसळतो. त्या मर्यादेपुढे आणखी थर दिले तर फायदा होतो, पण पूर्वीइतका मोठा नाही.

कण कापडाला धरून ठेवण्यासाठी चिकट द्रव्य लागते आणि खरी पंचाईत तेथेच आहे. चिकटा जास्त झाला तर तो प्रत्येक कणाभोवती गुंडाळून बसतो आणि वाट तोडतो. कमी झाला तर कण झडतात आणि हाताला काळे लागते. वीजही चांगली जावी आणि धुण्यातही टिकावे, ही दोन्ही मागणी एकाच लेपाने पुरी करणे अवघड असते. या विषयावरील बहुतेक संशोधन याच तडजोडीभोवती फिरते.

धातूची फवारणी वेगळ्या रीतीने होते. आरसे बनविणारे दोन तोंडांची बंदूक वापरतात. एका तोंडातून चांदीच्या क्षाराचे द्रावण आणि दुसऱ्यातून त्यातली चांदी मोकळी करणारे द्रावण. दोन्ही फवारे काचेवर मिळतात आणि तेथेच चांदीचा थर बसतो. ही युक्ती कापडावरही चालते. असा थर कार्बनपेक्षा कितीतरी पटींनी चांगली वीज नेतो, पण महाग पडतो, हवेतील गंधकाने काळा पडतो, घामाने खराब होतो आणि घडीच्या जागी तडकतो. शिवाय चांदीचे अतिसूक्ष्म कण धुण्याच्या पाण्यातून नाल्यात गेले तर पाण्यातील जीवांना ते घातक असतात.

धातू आणि कापड यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. सुरतेची जर आणि तिच्यावर विणली जाणारी येवल्याची पैठणी ही वीजवाहक कापडेच म्हणायची! अस्सल जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळलेली असते. मल्टिमीटरची दोन टोके तिच्या एकाच धाग्यावर टेकवली तर वीज जाते. प्लास्टिकच्या जरीवर रंगीत लाखेचा थर असल्याने बहुधा जात नाही. अर्थात तांब्याची नकली जरही वीज नेते, त्यामुळे या परीक्षेवरून चांदी ओळखता येईल असे कोणी समजू नये.

फवारणीच का?

कापड द्रावणात बुडवूनही लेप देता येतो आणि मोठ्या कारखान्यांत तसे करतातही. फवारणीचा फायदा असा की लेप एकाच बाजूला देता येतो, कागदाचा साचा ठेवून हवी तेवढीच पट्टी काढता येते आणि द्रव्य कमी लागते. बाकी अडचणी आपल्या नेहमीच्या पंपासारख्याच आहेत. कण नोझलच्या भोकापेक्षा बरेच बारीक असावे लागतात, नाहीतर नोझल चोंदते. मिश्रण सतत ढवळले नाही तर कण तळाला बसतात आणि शेवटच्या फवाऱ्यात नुसते पाणी येते. एकाच वेळी भिजेपर्यंत फवारले तर ओघळ येतात आणि थर असमान होतो. म्हणून एक जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर, प्रत्येक वाळू देऊन आणि आडवे-उभे, देणे योग्य.

असमान थराचा दोष केवळ दिसण्यापुरता नसतो. अशा कापडातून वीज सोडून ते गरम करता येते. या तत्त्वावर चालणाऱ्या शेकण्याच्या पट्ट्या बाजारात मिळतात. उद्या कोणी नवापूर भागातील कुक्कुटपालकाला पिलांच्या ब्रूडरसाठी फवारलेले गरम कापड विकायला आले, तर त्याला पहिला प्रश्न थराच्या समानतेचा विचारावा. पट्टीत एखाद्या ठिकाणी आडवा थर पातळ राहिला तर तेथे रोध जास्त असतो, सगळी उष्णता तेथेच निघते आणि खाली भाताचे तूस असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. पिलांसाठी आजही दिवा किंवा गॅस ब्रूडर बरा, असे आमचे मत आहे.

कुंपणाला चालेल काय?

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रानडुकरांचा त्रास मोठा आहे. झटका मशीन लावणारे शेतकरी वाढत आहेत. लोखंडी तारेपेक्षा रुंद पट्टी जनावराला लांबून दिसते. मग घरच्या कापडाच्या पट्टीवर वीजवाहक लेप फवारून कुंपण का करू नये, असा विचार कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर गणिताने काढू.

लेपाचा रोध चौकोनावर मोजतात. लेप दिलेल्या कापडाचा कोणताही चौकोन घ्या, वीतभराचा किंवा हातभराचा. समोरासमोरच्या दोन कडांमधला रोध सारखाच येतो. सरीचे उदाहरण घेतले तर हे पटते. सरी दुप्पट लांब झाली तर पाणी जाण्यास अडथळा दुप्पट होतो, पण शेजारी तशीच दुसरी सरी काढली तर तो पुन्हा निम्मा होतो. लांबी-रुंदी बरोबरीने वाढली की हिशेब जागच्या जागी राहतो. म्हणून लेपाच्या गुणवत्तेचे माप 'चौकोनाला इतके ओहम' असे सांगतात.

समजा, कार्बनचा चांगला लेप बसला आणि त्याचा रोध चौकोनाला १०० ओहम आला. दोन सेंटिमीटर रुंद आणि १०० मीटर लांब पट्टीत असे ५,००० चौकोन एकापुढे एक येतात. म्हणजे एकूण रोध पाच लाख ओहम. कुंपणासाठी मिळणाऱ्या तयार पट्टीत लेप नसतो, प्लास्टिकच्या धाग्यांबरोबर स्टीलच्या बारीक तारा विणलेल्या असतात. ०.२ मिलिमीटर जाडीच्या तीन तारा असतील तर १०० मीटरचा रोध साधारण आठशे ओहम होतो. आणि साधी १६ गेजची गॅल्व्हनाइज्ड तार घेतली तर तेवढ्याच लांबीला सहा-सात ओहम. पाच लाख, आठशे आणि सात. झटका मशीनचा ठोका काही हजार व्होल्टचा असला तरी पाच लाख ओहममधून जाताना त्याचे बळ पट्टीतच संपते. त्यात मध्ये गवत टेकले तर डुकरापर्यंत काहीच पोचत नाही. वारा, ऊन आणि पाऊस यांत लेप एक हंगामही टिकणार नाही, हे वेगळेच. कुंपणासाठी लेपाच्या नादी न लागता तार किंवा तारा विणलेली पट्टी वापरावी.

आणि एक इशारा. कुंपणात घरगुती किंवा मोटारीच्या लाइनची वीज सरळ सोडणे हा गुन्हा आहे. झटका मशीनचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि दोन ठोक्यांमध्ये साधारण एक सेकंदाची विश्रांती असते, म्हणून माणूस सुटू शकतो. २३० व्होल्टची सरळ लाइन स्नायू आखडून धरते आणि सोडत नाही. अशा कुंपणांनी आजवर शेजाऱ्यांचे, गुरांचे आणि खुद्द मालकाचेही बळी घेतले आहेत.

लहान आकारात उपयोग आहे

पाच हजार चौकोनांच्या जागी दोन-चार चौकोन असतील, तर १०० ओहमचा लेप उत्तम काम देतो. म्हणून वीजवाहक कापडाचा खरा उपयोग लहान मापनयंत्रांत दिसतो. जमिनीतील ओलावा मोजण्यासाठी अमेरिकेतील बोयुकोस यांनी १९४० मध्ये जिप्समचा ठोकळा सुचविला, हे काही वाचकांना ठाऊक असेल. दोन जाळ्या जिप्सममध्ये बसवून त्यांच्यामधला रोध मोजायचा. पुढे १९४९ मध्ये त्यांनीच जिप्समऐवजी नायलॉनचे कापड वापरले. जमीन ओली झाली की कापड पाणी ओढून घेते आणि रोध उतरतो. आपल्या कापसाच्या ढिगातील मोजणीचेच हे दुसरे रूप. ज्या जमिनीत क्षार जास्त, तेथे असे नुसते कापडाचे यंत्र जमीन आहे त्यापेक्षा ओली दाखविते. जिप्सम स्वतः थोडे विरघळत असल्याने क्षारांचा हा परिणाम बराच झाकून टाकते.

हवामान केंद्रांवर पान किती वेळ ओले राहिले हे मोजण्याची पट्टी असते. तिच्यावर कंगव्यासारखे एकमेकांत गुंतलेले दोन धातूचे पट्टे असतात. दवाचा थेंब त्यांच्यामध्ये पडला की वीज जाते. मिरचीवरील फळसड आणि द्राक्षावरील केवडा यांची लागण पान वा फळ किती तास ओले राहिले यावर बरीच अवलंबून असते. कंगव्यासारखे असे पट्टे साच्याने कापडावरही फवारता येतात. या दिशेने काम चालू आहे, आणि शेतीला फवारलेल्या कापडापासून काही मिळणार असेल तर ते बहुधा येथेच मिळेल.

करून पाहण्यासारखा एक प्रयोग

शाळेतील मुलांना किंवा गावातील तरुण मंडळाला हा प्रयोग सहज करता येईल. मांजरपाट घ्यावे. त्यातली खळ आणि मेण जाण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळून स्वच्छ धुवावे व वाळवावे. न उकळलेल्या कापडावर पाणी थेंबाथेंबाने उभे राहते आणि लेप आत शिरत नाही. ५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर लांब पट्टी कापावी. म्हणजे बरोबर पाच चौकोन होतात.

ग्रॅफाइटची बारीक भुकटी २० ग्रॅम, फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक १० ग्रॅम आणि पाणी साधारण ६० मिलिलीटर एकत्र घोटावे. भुकटी उडू देऊ नये आणि नाका-तोंडाला फडके बांधावे. मिश्रण तलम कापडातून गाळावे आणि इस्त्रीच्या वेळी पाणी मारायच्या बाटलीत भरावे. कीडनाशकाचा पंप यासाठी कधीही वापरू नये. प्रत्येक वेळी बाटली हलवून चार-पाच पातळ थर द्यावेत. बाटलीचे तोंड वारंवार चोंदले तर सरळ ब्रशने लावावे. प्रयोगाला त्याने बाध येत नाही.

प्रत्येक थर वाळल्यावर मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध लिहून ठेवावा. पहिल्या थरानंतर यंत्र बहुधा काहीच दाखविणार नाही. कोणत्या थराला आकडा एकदम खाली येतो ते पाहावे, म्हणजे मिरचीच्या पथारीचा नियम डोळ्यांनी दिसेल. शेवटचा थर वाळल्यावर पट्टी पाटावर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासावी. ती चकाकू लागते आणि रोध आणखी उतरतो, कारण ग्रॅफाइटचे चपटे कण आडवे होऊन एकमेकांवर बसतात. एकूण आकड्याला पाचने भागले की चौकोनाचा रोध निघतो. घरच्या लेपाला तो काही शे ते काही हजार ओहम येऊ शकतो. पट्टी, ९ व्होल्टची लहान बॅटरी, ४७० ओहमचा रोधक आणि तांबडा एलईडी दिवा एका रांगेत जोडले तर दिवा मंद पेटतो.

नंतर पट्टीला पन्नास वेळा घडी घालून पुन्हा मोजावे. साबणाने धुऊन पुन्हा मोजावे. शेजारी दुसरी एक कोरी पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून तिचाही रोध घ्यावा. ओली असताना तिच्यातून वीज छान जाईल. उन्हात वाळवली की जवळजवळ थांबेल. ग्रॅफाइटची पट्टी वाळल्यावरही चालू राहते. पहिलीत वीज वाहून नेणारे क्षार पाण्यात पोहत होते, दुसरीत कण जागेवर बसून एकमेकांना भिडलेले आहेत. बॅटरीशिवाय दुसरी कोणतीही वीज या प्रयोगात जोडू नये. उरलेले मिश्रण विहिरीजवळ किंवा नाल्यात न ओतता वाळवून पुरावे.

ओले कपडे आणि मोटारीचा स्टार्टर

मिठाच्या पाण्याची ती पट्टी म्हणजे आपला घामाने भिजलेला सदरा. घामात मीठ असते. कोरड्या कापडाने आणि कोरड्या कातडीने विजेला जेवढा अडथळा होतो, त्याच्या लहानशा अंशानेही ओल्या कापडाने होत नाही. रात्री पाणी द्यायला जाताना पाय चिखलात, बंडी घामट आणि हात स्टार्टरवर, ही स्थिती अतिशय धोक्याची आहे. स्टार्टरच्या पेटीला योग्य अर्थिंग असावे, पुढे कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई असावी आणि हात कोरडे करूनच बटन दाबावे.

वीजवाहक कापड शॉकपासून वाचविते, असा एक गैरसमज या विषयाबरोबर पसरू पाहतो. उच्च दाबाच्या चालू वाहिनीवर काम करणारे प्रशिक्षित कर्मचारी धातूचे तंतू विणलेला पोशाख घालतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु ते त्या वेळी जमिनीपासून पूर्ण अलग असतात. त्यांचा पोशाख आणि तार एकाच दाबावर आणलेले असतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने असा पोशाख घातला तर तो विजेला सरळ वाट करून देईल.

कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर वाळलेल्या लाकडी दांड्याने त्याला किंवा तारेला बाजूला करावे. घाईत डोक्याचा घामट रुमाल किंवा ओले धोतर टाकून ओढण्याचा प्रयत्न करू नये. ते टाकणारा दुसरा बळी ठरतो.